तिसरं कडवं

मेव्हण्याच्या कानाखाली जाळ काढावा असं मला आमच्या लग्नातच पहिल्यांदा वाटलं होतं. त्यानंतर अकरा वर्षं मी हात आवरून धरलाय. कुणाची पुण्याई कोण जाणे.

त्याचा बँड आहे. स्वतः गातो, आणि बरा गातो, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाचा मागचा पडदा माझ्या बायकोने रंगवलाय, फुकटात, आणि या गृहस्थाने एकदाही माइकवर तिचं नाव घेतलेलं नाही. ती म्हणणार, दादाला गडबडीत आठवत नसेल. दिवे लावणाऱ्याचं बरं आठवतं!

यंदा तिने स्वतःच तोंड उघडलं. तू गात असताना मी स्टेजवर चित्र काढते, म्हणाली. चित्र उलटं काढायचं, हनुवटी वर आणि डोकं खाली. लोकांना नुसते रंगाचे फटकारे दिसणार, आणि गाणं संपताना चौकट गर्रकन फिरवली की एकदम चेहरा. दादाने लगेच होकार दिला. लोकांच्या उड्या पडणार हे त्याला बरोबर कळलं.

चेहरा कुणाचा, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. सासूबाईंचा. या बाईंनी मुलाचा एक कार्यक्रम चुकवला नाही आणि मुलीचं एक चित्र धड बघितलं नाही. पुढ्यात धरलं तरी "छान आहे हो" म्हणून दादाच्या घशाची चौकशी सुरू. या वेळी तरी आई पहिल्या रांगेत बसून बघेल, एवढीच हिची आशा. टाळ्याबिळ्यांचं तिला काही पडलं नव्हतं.

मी सुतार. फिरती चौकट मीच बनवली आणि खालची खिटी काढून ती फिरवायचं कामही माझंच, कॅनव्हासच्या मागे उभं राहून. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून खूण ठरली होती. मोठ्या ड्रमचे तीन ठोके, जरा थांबून चौथा, आणि चौथ्याला फिरवायचं. तालमीत बारा वेळा केलं, हाताला सवय लागली. तिचंही सगळं गाण्यावर बेतलेलं. पहिल्या कडव्यात केस आणि कपाळ, दुसऱ्यात नाक, ओठ, हनुवटी, तिसऱ्यात डोळे. डोळे सगळ्यात शेवटी, कारण ते काढले की चेहरा उलटासुद्धा ओळखू येतो. तिसरं कडवं गाळू नकोस, असं तिने दादाला चारदा बजावलं होतं. तो म्हणाला, वेडी आहेस का?

हॉल खच्चून भरला होता. पहिल्या कडव्यालाच लोक खुर्च्या सोडून नाचायला लागले. दिवे लाल, निळे, पुन्हा लाल. मला मागून फक्त कापड दिसत होतं, तिचा ब्रश आपटेल तिथे आत दबणारं. इतक्या जोरात ती घरी कधी रंगवत नाही. मी खिटीवर हात ठेवून उभा होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

दुसरं कडवं संपलं तशा शिट्ट्या पडल्या, पोरी त्याच्या नावाने ओरडल्या आणि साहेबांना चेव चढला. तिसरं कडवं संथ आहे ना, तापलेला हॉल गार पडला असता! त्याने ड्रमवाल्याकडे बघून बोट फिरवलं, हे मला नंतर कळलं. तीन ठोके पडले. ही "अहो, थांबा" म्हणून ओरडली म्हणे, पण त्या गोंगाटात मला कसं ऐकू येणार? चौथा पडला आणि माझ्या हाताने खिटी काढली. माझ्याच हाताने!

मी पुढे येऊन बघितलं. सासूबाई हुबेहूब, अगदी ओठ मुडपायची सवयसुद्धा. डोळ्यांच्या जागी मात्र कोरं कापड. ही ब्रश उचललेला तसाच धरून उभी होती, मनगटावरून काळा रंग ओघळत होता. लोकांना वाटलं, चित्र असंच असतं. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं. मेव्हण्याने हात पसरून माइकवर सांगितलं, "माझी बहीण!" नाव तेव्हाही नाही.

मी त्याच्या अंगावर धावलो. तिने त्याच रंगाच्या हाताने माझं मनगट पकडलं आणि मला आतल्या खोलीत ओढून नेलं.

मागोमाग बँडच्या पोरांनी चौकटही तिथेच आणून टेकवली. पाच मिनिटांत आईला घेऊन तोही तिथे आला, घाम पुसत, खुशीत. मी त्याला काय काय म्हणालो ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि वर मलाच समजावलं. "भाऊजी, हॉल बघून ठरवावं लागतं. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

सासूबाई लेकीकडे वळल्या. एवढी गर्दी, त्याने तरी काय करायचं, म्हणाल्या. दोन मिनिटांचं तर काम आहे, काढ की आता डोळे. मेव्हण्यालाही ते पटलं. त्याने ब्रश उचलून हिच्यापुढे धरला. फोटो काढू म्हणाला, मस्त.

तिने ब्रश घेतला, बादलीत बुचकळला आणि धुवायला लागली.

"नाही काढणार. चित्र बरोबर आलंय, आई."

"डोळ्यांशिवाय कसली गं मी?"

"मला तू अशीच दिसतेस. चाळीस वर्षं तुझ्यासमोर आहे मी. तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस."

अकरा वर्षांत मी तिचा हा आवाज ऐकला नव्हता. माझी मूठ कधी सुटली ते मलाच कळलं नाही. आता एक शब्द बोला, मी मनात म्हटलं, एक शब्द, कसलाही.

सासूबाईंचे ओठ मुडपले. मग त्यांनी मान वळवली आणि मुलाकडे बघितलं, काय उत्तर द्यायचं ते त्यानेच सांगावं अशा नजरेने.

हिने ते पाहिलं. ब्रश झटकून पिशवीत टाकला आणि मला म्हणाली, "चला, चौकट उचला."