उजव्या खांद्यावरची पाकळी

काचेच्या वाटीत सोललेलं डाळिंब.

मिक्सर बंद. चटणी पाट्यावर.

लाइट गेली की घरात एकच पंखा फिरतो.

पितळी देवी, तळहाताएवढी. मागच्या उन्हाळ्यात तिला विचारलं होतं, इन्व्हर्टर घ्यावा का. ती हो म्हणाली.

बाबा दाराशी येऊन खाकरतात, मगच आत जातात. बाबा. ज्यांची हाक काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरून वर गल्लीत ऐकू यायची.

पुणे.

डाळिंब कुशलचं. मिक्सर बंद, कारण कुशल झोपलाय. पंखा कुशलच्या खोलीतला. बाबा खाकरतात ते कुशलच्या दाराशी. पुणे तेवढं वैदेहीचं, आणि तेही अजून तिचं झालेलं नाही.

*

कुशल वैदेहीहून दोन वर्षांनी लहान. कानपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मागच्या पावसाळ्यात त्याची झोप गेली, मग जेवण गेलं, मग तो वसतिगृहाच्या खोलीबाहेर येईना. परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नुसता रोल नंबर लिहून उठला. तेव्हापासून बनारसमधल्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या या घरात आहे. आता बरा आहे. जेवतो, हसतो, संध्याकाळी शिंदे घाटापर्यंत चालून येतो. कॉलेजनं त्याला दोन वाटा ठेवल्या होत्या: जुलैत परत ये, नाहीतर जानेवारीत.

वैदेही यंदा बी.ए. झाली. पुण्यात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला तिचं नाव लागलं. जुलैत हजर व्हायचं. पण घरात एक वाक्य पक्कं झालं होतं. ते पहिल्यांदा कोण बोललं, आता कुणालाच सांगता आलं नसतं. कुशल घरी असेपर्यंत वैदेहीनं घरी राहायचं. बाबा, नरहरशास्त्री, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करत आणि अर्धा महिना त्यांच्याबरोबर प्रयागला नाहीतर गयेला असत. आईला एकटीला कसं जमणार.

म्हणजे कुशल जुलैत गेला, तर वैदेही पुण्याला.

कुशल जानेवारीत गेला, तर वैदेही कुठेच नाही.

*

तिला त्याच्या दुखण्याचा हेवा वाटत होता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

एकदा तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगून पाहिलं. आईनं गोळी दिली. म्हणाली, पडून राहा जरा, आणि उठलीस की कणीक तेवढी मळ.

आईचा एक आवाज होता, खाली ठेवलेला, कडा नसलेला. वैदेहीनं तो बावीस वर्षांत ऐकला नव्हता. असा आवाज आईकडे आहे हे तिला गेल्या थंडीत कळलं, भिंतीपलीकडून, कुशलच्या खोलीतून.

संध्याकाळी कुशल घाटावर चालायला निघाला की आई वैदेहीला मागोमाग पाठवायची, त्याला कळणार नाही अशा बेतानं. त्याला कळायचंच. मग दोघं बरोबर चालायची. गल्लीतले लोक त्याला विचारायचे, का भइया, ठीक हो? तो हात वर करायचा. तो पुढे गेला की तेच लोक तिला थांबवायचे: भइया अब कैसे हैं?

लंकेवर, विद्यापीठाच्या बाजूला, डॉक्टरांकडे जाताना ई-रिक्षात त्याला सावलीची बाजू. डॉक्टर तिलाही आत बोलवायचे. घर में सोता कितना है, खाता कितना है. तिला सगळं पाठ होतं. त्याच्या झोपेची खडान्‌खडा माहिती असलेली ती एक मुलगी होती, आणि तिच्या झोपेबद्दल अख्ख्या बनारसमध्ये कुणाला काही ठाऊक नव्हतं.

त्याच डॉक्टरांनी मे महिन्यात सांगितलं, कॉलेज कब जाना है, ये इसी से पूछिए. जब इसका मन कहे, तब.

आईनं ऐकलं. बाबांनी ऐकलं. वैदेहीनं ऐकलं.

मग इंदूरच्या मामांना फोन झाला. शेजारच्या आनंदीकाकूंचं मत घेतलं. बाबांनी एका यजमानांना विचारलं, त्यांचा मुलगा कुठेतरी प्राध्यापक होता. जून निम्मा सरला तेव्हा बाबा म्हणाले, कौल लावू.

*

या घराण्याचा मूळपुरुष राजापुराकडून काशीला आला. त्याच्याबरोबर देवी आली आणि कौलाची रीत आली. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. पाकळ्या घरातल्या लेकीनं लावायच्या, लग्न न झालेल्या.

या घरात अशी लेक एकच.

सोमवारी दुपारी वैदेही पितळी लोटा आणि कण्हेरीची फुलं घेऊन गच्चीत बसली. भरपूर पाणी लावलेली पाकळी बराच वेळ टिकायची. पाण्याचं नुसतं बोट लावलं तर उन्हानं लगेच कड उचलायची आणि गळून पडायची. उजवीला कमी पाणी लावून तिनं लोट्यावर पुन्हापुन्हा करून पाहिलं. प्रत्येक वेळी उजवी पडली. प्रत्येक वेळी कुशल कानपूरला गेला.

*

मंगळवार. आई देवळातून येऊन स्वयंपाकघरात गेली होती, बाबा सोवळं नेसत होते. वैदेही देवघरात चंदन उगाळत होती. कुशल उंबऱ्याशी आला.

"ताई, उजवीला पाणी कमी लाव."

तिचा हात थांबला नाही. "काय?"

"काल गच्चीत प्रॅक्टिस चालली होती ना. पाहिली मी. म्हणशील तर फुंकर मारतो, पण बाबा समोरच बसतात."

"तुला जायचंय जुलैत?"

"तुला पुण्याला जायचंय."

चंदनाचं खोड तिच्या मुठीत गरम झालं. म्हणजे हेही त्यालाच. आजारी पडला तो, बरं व्हायचं कौतुक त्याचं, आणि आता बहिणीसाठी झीज सोसणाराही तोच. आई जन्मभर सांगत राहील, माझा कुशल, स्वतः धड बरा नव्हता तरी. आणि तिला पुणे मिळेल, पण त्याच्या वाटीतलं. त्यानं बाजूला काढून ठेवलेलं.

"मी ते विचारलं नाही," ती म्हणाली. "तुला जमेल का?"

तो उंबऱ्यावर बसला. अंगठ्यानं लाकडाची एक कपची काढायला लागला.

"सच बताऊँ?"

"सांग."

"सकाळी जमतं. जेवणापर्यंत वाचतो. मग नाही. काल पूरी दोपहर एकच पान उघडं होतं. जानेवारीपर्यंत येईन वाटतं लाईनीवर. जुलैत गेलो तर..." त्यानं कपची फेकून दिली.

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी?"

तिला वाटायचं या घरात त्याला सगळंच विचारतात. दूध की चहा, खिडकी उघडू की राहू दे, दिवा डोळ्यांवर येतो का. हे एक विचारलं नव्हतं. तिनंही नाही. आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरं वाटलं: त्यालाही न मिळालेली एक गोष्ट या घरात होती.

बाबांच्या खडावा वाजल्या. वैदेहीनं सहाणेवरचं चंदन बोटावर घेतलं, लोण्यासारखं दाट. एका पाकळीला थापलं. मग दुसरीलाही. दोन्ही पाकळ्या देवीच्या खांद्यांवर दाबून बसवल्या.

*

"कुशलनं आषाढात कॉलेजात परत जावं का?"

पंखा बंद, वारा लागू नये म्हणून. आईचे हात जोडलेले. बाबांच्या कपाळावरून घाम भुवयांत उतरत होता.

"आई जगदंबे, कुशलनं आषाढात परत जावं का?"

पाकळ्या जागच्या जागी.

"जावं का?"

खालच्या गल्लीतून मणिकर्णिकेकडे जाणारी माणसं राम नाम सत्य म्हणत गेली, आवाज आला आणि विरला. आईनं डोळे उघडून पाहिलं, पुन्हा मिटले. बाबा म्हणाले, असं कधी झालं नव्हतं. आजोबांच्या वेळीसुद्धा नाही. आई हळूच म्हणाली, प्रश्न चुकला असेल. बाबांनी प्रश्न फिरवून विचारला, जानेवारी घालून. देवी दोन्ही खांदे सांभाळून बसून राहिली.

शेवटी बाबा देवीकडून वळले आणि न खाकरता म्हणाले, "कुशल, तुझं काय म्हणणं आहे?"

"जानेवारी."

पुढची शांतता पडायच्या आत वैदेही म्हणाली, "मी जुलैत जाते."

मग आई बोलायला लागली. गोळ्या कोण बघणार, डॉक्टरकडे कोण नेणार, तुम्ही गयेला, ही पुण्याला, रात्री-अपरात्री काही झालं तर मी एकटीनं काय करायचं. ती वैदेहीकडे पाहून बोलत होती, आणि तो खालचा आवाज नव्हता.

"एकटी कशी, आई?" कुशल म्हणाला. "मी आहे ना घरात."

 हा हिशेब आईनं कधी असा मांडला नव्हता. घरात कोण कोण आहे हे मोजताना ती त्याला सांभाळायच्या वस्तूंमध्ये धरत आली होती.

 बाबांनी कुशलच्या पाठीवर हात ठेवला. बोललास ते बरं केलंस, असं काहीतरी म्हणाले, मऊ. आणि वैदेहीकडे वळले.

"आणि तू. चंदन किती लावलंस?"

"दोन्हीकडे सारखं."

त्यांनी पंखा लावला. तरी पाकळ्या हलल्या नाहीत. दुपारी नैवेद्याच्या वेळी नखानं खरवडून काढाव्या लागल्या.

वैदेहीनं जेवणाआधीच फोनवर पुण्याचं तिकीट काढलं. आईनं तारीख विचारली, गाडी किती वाजता सुटते तेही विचारलं. मग म्हणाली, भर उन्हातली वेळ आहे, कुशलला स्टेशनवर नको नेऊस सोडायला, त्याला सोसणार नाही. वैदेही बरं म्हणाली आणि पानं घ्यायला उठली. आतल्या आत काहीतरी पुन्हा पेटलं होतं, नेहमीच्याच जागी.

मागच्या सप्टेंबरात कुशलला कानपूरहून घरी आणायला वैदेही गेली होती. एकटी. तिला सोसेल का, असं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.