उताराकडची विहीर

भरडवाडीच्या वरचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, पूर्वी चिऱ्यांसाठी प्रसिद्ध होता. पेडण्यातली निम्मी घरं त्याच चिऱ्यांनी उभी राहिली. चिरे संपले, खड्डे तसेच राहिले, आणि काही वर्षांनी पालिकेची नजर त्यांच्यावर गेली. सर्वांत मोठ्या खड्ड्याच्या तळाशी चिकणमाती ठोकून बसवली, तिच्यावर काळ्या जाड प्लास्टिकचं अस्तर अंथरलं, त्याचे जोड वितळवून चिकटवले आणि मग शहरातला कचरा तिथं यायला लागला. कचऱ्यातून सुटणारं काळं पाणी अस्तरावरून नळांत आणि नळांतून टाकीत जायचं. जमिनीत जायचं नाही, असं नकाशावर तरी होतं. ते खरोखरच जात नाही ना, हे बघायचं काम अमृताकडे होतं.

अमृता डिचोलीची. रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली आणि लगेच एका खासगी प्रयोगशाळेत लागली. पालिकेनं पाणी तपासायचं कंत्राट त्या प्रयोगशाळेला दिलं होतं. सड्याभोवती चार कूपनलिका मारल्या होत्या. एक चढाकडे, दोन बाजूंना, एक उताराकडे. चढाकडचं पाणी कचऱ्याच्या आधीचं, उताराकडचं कचऱ्याखालून आलेलं. दोन्ही सारखी असली म्हणजे अस्तर शाबूत. हे इतकं सरळ होतं की अमृताला त्याचं कौतुक वाटायचं. अडचण एकच होती. उताराकडची नळी कोरडीच निघाली होती. म्हणून तिनं सड्याच्या खाली, वाडीच्या पहिल्याच घरची विहीर धरली. उन्हाळ्यातही तिला कमरेएवढं पाणी असायचं.

ती विहीर यशोदाकाकींची. त्या बोलताना बाव म्हणत. त्यांचा नवरा शांताराम सावंतवाडीकडून चिरे काढायला सड्यावर आला आणि इथलाच झाला. दिवसभर दुसऱ्यांचे चिरे काढायचे आणि संध्याकाळी स्वतःची विहीर खणायची, असं करत त्यानं ती खणली. तो गेल्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगा मंगेश डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसला, आणि शेवटी सड्यावर कचऱ्याचा ट्रक चालवायला लागला. विहिरीवर आसपासच्या तीन घरांचं पिणं होतं. शिवाय दसऱ्याला देवीच्या न्हाणाचं पाणी याच विहिरीतून जायचं. अमृता विहीर ठरवायला आली त्या पहिल्या भेटीतच यशोदाकाकी ते सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

हिवाळ्यात अमृता न सांगता गेली होती. पाणी सुरेख निघालं. जांभ्यातलं पाणी असतं तसं, किंचित आंबट, क्षार जवळजवळ नाहीत.

मे महिन्यात मात्र तिनं आधी मंगेशला फोन केला. मागच्या वेळी घरात कुणी नव्हतं, कळशी-दोर शोधताना पंचाईत झाली होती.

"सोमवारी येते हां मंगेशभाऊ. पाणी घ्यायला."

"येवा की. आवशीक सांगतंय."

सोमवारी ती पोचली तेव्हा अंगण शेणानं सारवलेलं होतं. विहिरीच्या कठड्यावर शेवाळाची एक रेघही नव्हती, चिरे धुऊन लालभडक दिसत होते. चपलांची धूळ लागू नये म्हणून तिनं त्या बाहेरच काढल्या.

"किती स्वच्छ ठेवलीय हो काकी!"

"ठेवूक नको? गोरमेंटाची पावणी येतली आणि बाव गलिच्छ?" यशोदाकाकी हसल्या. "बस गो बाय. विमल, सरबत हाड."

सुनेनं, विमलनं, कोकमाचं सरबत आणून दिलं. तिच्यामागे पडवीत भरलेल्या दोन कळशा होत्या, शेजारच्या सुलोचनाबाईंच्या, त्यांच्यावर नाव कोरलेलं होतं. यशोदाकाकी म्हणाल्या, "आमच्या बावीचा नाय हां. आमचा दोन दिवस पिऊचा नाय. परवापासून पी, मग सांग कसा लागता ता."

"बरं," अमृता म्हणाली. का पिऊ नये हे तिनं विचारलं नाही. तिच्या डोक्यात बाटल्या होत्या. बर्फाची पेटी उन्हात तापत होती, अजून दोन कूपनलिका राहिल्या होत्या. तिनं बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली, काठोकाठ भरली, हवा राहू न देता झाकण लावलं. अगदी शिकवलं होतं तसं. यशोदाकाकी पदर खोचून बाजूला उभ्या राहून बघत होत्या, मुलीला बघायला पाहुणे आल्यावर आई उभी राहते तशा.

"पास जातली मां?"

"होणार काकी. हिवाळ्यात पहिला नंबर होता तुमचा."

प्रयोगशाळेत क्लोराइडचा आकडा आला तेव्हा अमृतानं तपासणी पुन्हा केली. तोच आकडा. हिवाळ्यात पंधराच्या आसपास होता, आता तीनशेच्या घरात. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर. क्षारही वाढलेले, आंबटपणा गेलेला. कचऱ्याच्या पाण्यात सगळ्यांत आधी पुढे पळतं ते क्लोराइडच. मातीला चिकटत नाही, कुठं थांबत नाही. पुस्तकात लिहिलं होतं तसंच सगळं तिच्या टेबलावर आलं होतं. कचऱ्याच्या पाण्यात हमखास असणारा अमोनिया नव्हता, पण जांभ्यातून येताना त्याचं रूपांतर होत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि ते समजावणं तिला पटलंही. तिला वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या आत, कुणाला सांगता येणार नाही अशी, थोडी खुशीही होती. तिनं काहीतरी शोधून काढलं होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख जयवंतराव चष्मा कपाळावर सारून अहवाल वाचत होते. "पुन्हा एकदा नमुना घेऊया?"

"पाऊस येईल सर चार दिवसांत. मग पाणी पातळ होणार, तुलना कशी करायची? दिवाळीनंतर घेऊ. पण तोवर ते लोक पितायत."

शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून जयवंतरावांनी सही केली. अहवालात अमृतानं फार जपून लिहिलं होतं: कचऱ्याच्या पाण्याचा परिणाम असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

वाडीत ते वाक्य पोचेपर्यंत त्याला एकच अर्थ उरला. पंचायतीची माणसं आली, कठड्यावर तांबड्या रंगानं फुली मारली आणि पाणी पिऊ नये असं लिहिलं. महिन्याभरात रस्त्यावर नळ आला. मंगेशनं फोनवर एवढंच विचारलं, "मॅडम, मी वर कचरो ओततंय आणि तो माझ्याच बावीत येता, असाच मां?" त्यानं सड्यावरची नोकरी सोडली. दसऱ्याचं न्हाण सुलोचनाबाईंच्या, ओढ्यापलीकडच्या, सड्याचं पाणी न पोचणाऱ्या विहिरीवरून गेलं. हे तिला कळलं, आणि दिवाळीनंतर ती नमुना घ्यायला निघाली तेव्हा पालिकेतून निरोप आला की बंद केलेल्या विहिरीचा नमुना कशाला, उताराला नवी नळी मारायची आहे, तेव्हा बघू. नवी नळी पुढच्या अंदाजपत्रकात होती. अमृतानं आग्रह धरला नाही. फेरीतून एक ठिकाण कमी झालं.

पुढच्या मे महिन्यात ती मयेला मावशीकडे, कमलमावशीकडे गेली होती. अंगणातली विहीर उपसायला बाबली आला होता. सकाळपासून पंप लावून पाणी काढलं, बाबली आत उतरून गाळ वर देत होता, पोरं त्यातले मासे वेचत होती. दुपारी तो चिखलानं माखून वर आला आणि म्हणाला, "बाये, मीठ हाड."

कमलमावशीनं चुना आणला आणि जाड्या मिठाची पिशवी आणली. बाबलीनं दोन्ही विहिरीत ओतलं, कडेकडेनं, सगळीकडे पडेल असं.

"एवढं मीठ?" अमृतानं विचारलं.

"मग! गाळ ढवळलाय, किडे-बिडे मरायला नकोत? दर वर्षी घालतो. तू कधी पाह्यलं नाहीस? तुमच्या घरी नळ ना." कमलमावशीनं हात झटकले आणि माजघराकडे तोंड करून ओरडली, "दोन दिवस ह्या उदकाक कोणें हात लावूं नाकात!"

अमृता पायरीवर बसून राहिली. लालभडक धुतलेले चिरे तिला दिसत होते. शेजारणीच्या दोन कळशा. परवापासून पी, मग सांग.

सोमवारी तिनं जुने आकडे पुन्हा काढले. सोडियम आणि क्लोराइड दोन्ही वाढले होते, आणि एकमेकांच्या प्रमाणात वाढले होते. नेमकं स्वयंपाकघरातल्या मिठात असतं तेच प्रमाण. कचऱ्याच्या पाण्याबरोबर जे पोटॅशियम यायला हवं होतं ते जागचं हललं नव्हतं. आंबटपणा चुन्यानं मारला होता. यात लपलेलं काही नव्हतं. कुणीही विचारलं असतं तर ते आकडे सांगायला तयार होते. तिनं त्यांना फक्त एकच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर आधीच ठरवून.

जयवंतरावांनी ऐकून घेतलं आणि जुना अहवाल पुढे ओढला. मग म्हणाले, "दुरुस्तीचा अहवाल देऊ. पण आधी तू स्वतः जाऊन सांग. आणि नमुना घे."

पेटी घेऊन ती गेली. रस्त्यावरच्या नळाशी विमल हंडा लावून उभी होती.

"मॅडम! लय दिवसांनी वाट चुकलात."

"विमलताई, एक विचारायचं होतं. गेल्या मे महिन्यात मी आले, त्याच्या आधी विहीर उपसली होती का?"

"उपसली तर! तुमी येतलात म्हणान. नायतर आमी पावसाच्या तोंडार उपसतंव. सासू म्हणाली, माणसा पाणी बघूक येतली, काल-परवाचा कसा दाखवचा? उपसणाऱ्याक मुद्दाम बोलावन हाडल्यान."

"मीठ घातलं होतं?"

"माझ्याच हातान. दरवर्षी एक पिशवी, त्या टायमाक दोन. चांगला होवं म्हणान." विमल हसली. मग हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. हंडा भरून वाहायला लागला. तिनं नळ बंद केला. "मॅडम... मिठान झाला ता?"

अमृतानं होकारार्थी मान हलवली.

विमल पदरानं हात पुसत राहिली, ते कोरडे झाले तरी पुसत राहिली. "तिका सांगा नकात," ती म्हणाली. "सासवेक. पाणी बरा होता ता सांगा. मिठाचा नको. ती आधीच बोलना नाय कोणाकडे."

"विहीर कशी आहे?"

विमलनं हंडा कमरेवर घेतला आणि पुढे चालायला लागली.

अंगण सारवलेलं होतं. मात्र कठडा नव्हता. कठड्याच्या जागी जांभ्याच्या चुऱ्याचा एक गोल होता, सभोवतालच्या मातीपेक्षा थोडा वर आलेला, वरून झाडलेला.

"शिगम्याच्या आधी बुजवली," यशोदाकाकी पडवीतून म्हणाल्या. त्या बसल्या होत्या तिथून तो गोल समोर दिसत होता. "गायचा पाडस पडला आत. आणि पडला नसता तरी... उघडी बाव आणि पाणी काढूचा नाय, ता माका बघवना. मंगेशाकच सांगलंय, भर. सड्यावरचोच चुरो हाडून भरल्यान. तेच्या बापाशीन थयसून काढलेलो, थयचोच परत घातलो."

अमृता उभीच होती. पेटी तिच्या हातात होती.

"काकी, माझी चूक झाली. विहिरीचं पाणी चांगलं होतं. कचऱ्याचं काही आलं नव्हतं. मी नीट तपासलं नाही."

यशोदाकाकींनी तिच्याकडे बघितलं. रागाची वाट बघत अमृता थांबली होती. तो आला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"बरा होता?"

"चांगलं होतं."

"आयकलंस गो विमल? बरा होता म्हणता." त्या एकदम ताठ बसल्या. "मी सांगी होतंय मां? त्या सुलोचनाक जाऊन सांग. देवळात सांग. बरा होता." मग त्या थांबल्या, आणि आवाज खाली आला. "मग तेव्हा काय आयला गो बाय तुझ्या बाटलीत?"

अमृताला दारात उभ्या विमलचा चेहरा दिसत होता. जे आलं होतं ते तिला नेमकं माहीत होतं, किती आलं होतं तेही.

"मी विचारायला हवं होतं ते विचारलं नाही," ती म्हणाली. "म्हणून चुकलं."

ते खोटं नव्हतं. यशोदाकाकींनी ते काही वेळ तोंडात धरल्यासारखं केलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांना कळलं असेल की नसेल, हे अमृताला पुढं कधीच ठरवता आलं नाही.

"बस. सरबत घे. आता नळाचा असा हां, दवाईचो वास येता." आणि विमलकडे वळून, "हिका बाटलीत भरून दी. तपासू दे. पावणी रिकामी जाता काय!"

अमृता सरबत प्यायली. वास येत होता.

दुरुस्तीचा अहवाल गेला. पालिकेनं तो घेतला आणि पोच दिली. पंचायतीत एकानं विचारलं, आता फुली कुठली पुसायची? दसऱ्याचं न्हाण त्या वर्षीही सुलोचनाबाईंकडूनच गेलं. जिथं विहीरच नाही तिथून पाणी कसं नेणार? आणि उताराकडची नवी नळी अजून अंदाजपत्रकातच होती. सड्यावरचं अस्तर शाबूत असेल. ते फाटलंच, तर त्या बाजूनं खाली येणारं पाणी कुठं दिसेल, असं ठिकाण आता उरलं नव्हतं. जे एक होतं ते अमृताच्याच वाक्यानं बुजलं होतं.

तरी दर फेरीला ती भरडवाडीच्या पहिल्या घरापाशी गाडी थांबवते. आधी फोन करत नाही. तरीही अंगण झाडलेलं असतं, आणि तो गोलही. पेटीत उताराकडच्या विहिरीचं लेबल लावलेली बाटली अजून आहे. ती काढून टाकायला हवी, हे तिला कळतं. कोरडी बाटली पेटीत बाकीच्यांवर आपटत राहते, आणि सडा चढताना तो आवाज गाडीत ऐकू येत असतो.