निळ्या शाईच्या दहा खुणा

बाळाचं वजन चार किलो दोनशे भरलं आणि बाळाचे बाबा आणि आजी असे खूश झाले, जसं काही बाळानं बोर्डात नंबर काढला. बाळाची आई मात्र खुर्चीत बसून दुपट्याची घडी घालत होती. घालायची, मोडायची, परत घालायची.

मी या दवाखान्यात सव्वीस वर्षं बाळांची वजनं करतेय. बाळ दोन आठवड्यांचं झालं की आणि सहा आठवड्यांचं झालं की, आईसाठीही एक कागद असतो. दहा प्रश्न. हसू येतं का, झोप लागते का, उगाच रडू येतं का; आणि दहावा, स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का. आईनं एकटीनं बसून भरायचा. इतकी साधी गोष्ट, पण लोकांच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

"हा घ्या सिस्टर, बाहेरच भरून टाकला," नवरोबांनी कागद पुढे केला. निळ्या शाईत दहा खुणा, सगळ्या 'कधीच नाही' किंवा 'नेहमीसारखं'वर, पट्टीनं आखल्यासारख्या.

"कुणी भरला?"

"मीच. तिला बाळातून सवड कुठे मिळते!"

अगं बाई! बायकोला रडू येतं की नाही, हे आता नवरा ठरवणार. उद्या तिला ताप आला की थर्मामीटर स्वतःच्या तोंडात धरतील!

"आणि तिला कमी काय आहे?" सासूबाईंनी सूर लावला. "स्वतःची काळजी घे म्हणून यानं सुवासिक मेणबत्त्यांचा अख्खा खोका आणलाय. हिनं एक पेटवली असेल तर विचारा."

"पेटवून बसायचं कधी? तेवढा वेळ बाळ कोण घेणार?" मी विचारलं.

"म्हणजे काय, आई घरात असताना..." पुढचं वाक्य सासूबाईंनी गिळलं.

मेणबत्त्या म्हणे. डोंबल! सहा आठवडे त्या मुलीनं सलग तीन तास डोळा मिटला नसेल, आणि हे निघाले घरात वास पसरवायला.

"बाळाच्या डोक्याचा घेर पलीकडच्या खोलीत मोजतात," मी म्हणाले. "दोघंही जा. एकानं डोकं धरायचं, एकानं पाय." धादांत खोटं. घेर मीच मोजते, मिनिटभरात. पण पलीकडची सिस्टर शहाणी आहे. मी दारातून मान हलवली की ती माणसांना अर्धा तास सहज गुंतवून ठेवते.

दार लावलं. मुलीच्या हातात कोरा कागद आणि माझं पेन दिलं, आणि मी खुर्ची खिडकीकडे फिरवून बसले. "लिही तू. मी बघत नाही."

पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"सिस्टर, खरं लिहिलं तर बाळ काढून घेतात का?"

"कुणी घातलं हे डोक्यात? बाळ तुझंच आहे, तुझ्याकडेच राहणार. डॉक्टरबाई बोलतील, लागलं तर औषध देतील. बरं होतं हे, पोरी."

मग पेन चालायला लागलं. तिनं कागद दिला तेव्हा मी आधी दहावा प्रश्न पाहिला. 'कधीकधी'वर खूण होती, दोनदा गिरवलेली. मी तिथल्या तिथे डॉक्टरबाईंना फोन लावला. "आत्ता या. लगेच." आणि तिला म्हणाले, "लिहिलंस ते फार चांगलं केलंस. त्या येईपर्यंत मी इथून हलत नाही."

कागद लावायला तिची फाइल उघडली. आत दुसऱ्या आठवड्याचा कागद होता. निळी शाई, दहा खुणा, तशाच पट्टीनं आखल्यासारख्या. आणि खाली सही कुणाची? माझी. त्या दिवशी बाहेर गर्दी होती. मी बाळाचं वजन बघितलं, "छान, मजेत आहे की आई!" म्हणाले आणि शिक्का हाणला. इतका वेळ नवऱ्याला नावं ठेवणारी ही मोठी शहाणी!

"आठवतंय मला," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, तेच जास्त लागलं. "तुम्ही कागद हातात घेतलात, तेव्हा वाटलं होतं, आता विचाराल."

सव्वीस वर्षांचा माझा तोरा एका क्षणात उतरला. "चुकलं माझं," मी म्हणाले.

तिनं दुपटं बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"मग आता विचारा," ती म्हणाली.