कामाच्या हाताची करंगळी

आज तीन वाजता माझ्या बहिणीला, मिरेला, लोखंडी अंगठी मिळणार होती, आणि नाश्त्याला पपा म्हणाले, "मी येत नाही."

मला काही कळेचना! आमच्या देशात इंजिनिअरिंग संपलं की शपथ घेऊन ही अंगठी घालतात, कामाच्या हाताच्या करंगळीत. ती दुसऱ्याच्या बोटात घालणाऱ्याकडेही स्वतःची अंगठी असावी लागते. पपा खाणीतले इंजिनिअर. अंगठी घालून घ्यायची ती त्यांच्याच हातून, हे मिरेने सहाव्या वर्षीच ठरवलेलं.

"का पण?"

"माझी अंगठी हरवलीय."

मिरे उठून गाडीवरचा बर्फ खरवडायला गेली. इतक्या जोरात, की काचच जाईल असं वाटलं.

पण पपा खोटं बोलत होते. सकाळीच बटण शोधताना बटणांच्या डब्यात मी ती अंगठी पाहिली होती. मग लपवायची कशाला? मिरेने शिकायला खाणकाम सोडून पूल निवडले, त्याचा राग? पण पूल निवडले तेव्हा केक तर त्यांनीच आणला होता!

पपा कॉफी ढवळत होते. डाव्या हाताने. ऑक्टोबरातल्या अर्धांगवायूच्या झटक्यापासून उजवा मांडीवर नुसता पडून असतो. रोज बघते मी, तरी आज टक लावून बघत राहिले. मग डबा आणून टेबलावर उपडा केला.

"ओडील, नाक खुपसू नकोस."

"हरवली म्हणालात ना?"

चमचा खाली ठेवून ते म्हणाले, "कामाच्या हातात घालतात गं ती. माझा कामाचा हात राहिलाय कुठे?"

"मग काल माझी भूमिती कुणी तपासली? मांजराने?"

"अक्षर बघितलंस?"

"मांजराचंच आहे. पण चूक बरोबर पकडलीत."

पपा हसले की रडले, कळलं नाही. पण डावी करंगळी पुढे आली. सांध्यावर अंगठी अडली. भांड्यांचा साबण लावला तेव्हा कुठे गेली.

शपथेच्या सभागृहात इंजिनिअर सोडून कुणालाच प्रवेश नाही. मी बाहेर दोघांची जाकिटं धरून उभी राहिले. आत काहीतरी लोखंडी खणखणलं, मग शांतता, मग मिरेचं खिदळणं.

ती करंगळी नाचवत बाहेर आली, डोळे लालभडक.

"अगं, पपांचा नेम दोनदा चुकला! मग ते म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"ते आतलं. सांगायचं नसतं."

मी पपांकडे पाहिलं. ते करंगळीवरचा वाळलेला साबण शर्टाला पुसत होते.