हमिदाबीची सवत

नळदुर्गचे पाशामियाँ निजामाच्या मोजणी खात्यात साखळी ओढायचे. नोकरी संपली तेव्हा साहेबानं त्यांना आपला जुना कुतुबनुमा दिला. पितळेची जड डबी, आत थरथरत उत्तरेला थांबणारा काटा. झाकणावर कुणा गोऱ्या मोजणीदारानं कोरलेली अक्षरं झिजून गुळगुळीत झाली होती. पाशामियाँ त्यांवर अंगठा फिरवत बसायचे. सोलापूरच्या दुकानात नवी होकायंत्रं मिळायची. ती हातात घेऊन ते परत ठेवायचे. "ह्यात जीवच न्हाय," म्हणायचे.

दर जुम्म्याला ते ती डबी चिंचेनं घासत. हमिदाबी चुलीपाशी बसून हसायची. "माझी सवत आली न्हाऊन!"

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य घ्यायला सोलापूरकडून हिंदुस्थानची फौज आली. गावात पळापळ झाली. कोण कुणाचं घर फोडतंय, काही कळेना. पाशामियाँ आजारी बायकोला घेऊन मागच्या दारानं निघाले ते नदीपलीकडं बिभीषण धनगराच्या मेंढवाड्यावर. त्याच्या शेताची हद्द पूर्वी पाशामियाँनीच साखळी धरून दाखवली होती.

"चाचा, आत बसा. कुणी इचारलं तर म्या बघतो," बिभीषण म्हणाला.

पावसाची झड लागलेली. हमिदाबीच्या अंगात ताप फणफणत होता. कुडाच्या आडोशाला टेकल्यावर पाशामियाँच्या ध्यानात आलं.

"कुतुबनुमा घरीच राहिला गं."

तिनं पदराची गाठ सोडली. भाकरीच्या तुकड्याशेजारी पितळेची डबी होती.

"तुमी ईसरला. म्या कशी ईसरंन? सवत हाय माझी," ती म्हणाली.

घोंगडीत गुंडाळलं, काढा पाजला, तरी ताप उतरला नाही. दोन दिवसांनी, मेंढ्या चरायला सुटायच्या वेळेला, हमिदाबी गेली.

गावात कब्रस्तानापर्यंत जायची सोय नव्हती. बिभीषणनं बांधाजवळ बाभळीखालची जागा दाखवली. "माझ्याच रानात ठिवू चाचीला."

आभाळ गच्च होतं, सूर्य कुठं आहे ते कळत नव्हतं. तिचा चेहरा किब्ल्याकडं, मक्केच्या दिशेलाच हवा होता. पाशामियाँनी डबी उघडून जमिनीवर ठेवली.

"खोरं लांब ठेव, बिभीषण. लोखंड जवळ असलं की काटा फिरतो."

बिभीषणनं खोरं लांब नेऊन ठेवलं. काटा थांबला. पाशामियाँनी काठीनं रेघ ओढली, पुसली, पुन्हा काटा पाहिला, पुन्हा ओढली. रेघ तीच येत होती. तरी ते पुन्हा पुसायचे.

बिभीषण भिजत उभा होता. शेवटी तो हळूच म्हणाला, "चाचा, बरोबर हाय ती."

"व्हय," पाशामियाँ म्हणाले, आणि चिखलात बसून रडू लागले. खोरं बिभीषणनं आणलं.

महिन्याभरानं ते घरी परतले. दार निघालं होतं, भांडी गेली होती. पुढं कुणाकडं मयत झालं की लोक दिशा पाहायला त्यांना बोलवायला येत. ते नुसती डबी द्यायचे.

"मला न्हाय बघवत. तुमीच बघा."

असंच एकदा कुणीतरी ती नेली आणि परत आणली नाही. पाशामियाँनी कधी विचारलं नाही.

दर जुम्म्याला मात्र ते नदी ओलांडून जात. मेंढरं शिरू नयेत म्हणून बिभीषणनं कबरीला काट्याचं कुंपण केलं होतं. कुठं काटे सरकलेले असले तर दोघं मिळून नीट लावत, आणि बाभळीखाली बसून राहत.