टटलांच्या बायबलमधलं पान

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. बायबलमधून फाडलेलं एक पान. दोनशेच्या वर वय झालं, तरी जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

व्हर्माँटच्या डोंगरात असाहेल टटल नावाचा शेतकरी राहायचा. घरातली लग्नं, जन्म, मृत्यू लिहिण्यासाठी त्याच्या बायबलमध्ये मी कोरा बसवलेला होतो. पहिली ओळ त्याने लिहिली ती केझायाशी झालेल्या लग्नाची, १८१२ सालची. पुढच्या वर्षी दुसरी, लेक फिलेना जन्मल्याची. केझायाला अक्षरओळख नव्हती. पण कुणी आलं-गेलं की ती माझ्यावर बोट ठेवून सांगायची, "ही आमची फिलेना." तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

१८१४ च्या सप्टेंबरात इंग्रजांचं सैन्य शॅम्प्लेन सरोवराच्या पलीकडच्या काठावर येऊन ठेपलं. गावोगावचे शेतकरी मिलिशियात, म्हणजे गावच्या फौजेत, गोळा झाले. असाहेलही भिंतीवरची बंदूक काढून होडीत बसला. तो लढला. लढाईच्या दुसऱ्या दिवशी निरोप पोचला की पोरीचा घसा सुजलाय, श्वास लागलाय. तो कुणाला न विचारता निघाला. दोन दिवसांनी त्याने मला उघडून तिसरी ओळ लिहिली. पिसाच्या लेखणीचं टोक इतकं रुतलं, की तिथे मी अजून फाटलेला आहे.

पुढे त्यांना चार मुलगे झाले, त्यांची नावं माझ्यावर चढली. असाहेल म्हातारपणी वारला. १८७८ साली त्या लढाईतल्या शिपायांच्या विधवांना पेन्शन द्यायचं ठरलं. केझाया तेव्हा त्र्याऐंशीची होती. वकील म्हणाला, "लग्नाचा पुरावा पाहिजे." गावची लग्नाची वही तर आगीत जळालेली. केझायाने बायबल मांडीवर घेतलं.

नात अल्मायरा घाबरली. "आजी, बायबल फाडतेस? पाप लागेल गं."

"देवाला वाचायला बाकीचं पुस्तक आहे की," केझाया म्हणाली. "आणि पान परत येणारच आहे."

मी राजधानीला गेलो. कचेरीतल्या कारकुनाने माझी पहिली ओळ वाचली, लग्न मान्य केलं आणि माझी घडी घातली. मग त्याने फौजेचा हजेरीपट पाहिला. असाहेलच्या नावापुढे शेरा होता: 'बारा सप्टेंबर, परवानगीविना निघून गेला.' अर्ज नामंजूर झाला. अहो, आणखी दोन ओळी खाली या, असं मी त्याला किती विनवलं! पण कागदाचं कोण ऐकतं?

केझायाने अल्मायराकडून पत्र लिहवलं: 'पेन्शन राहू द्या. पान तेवढं पाठवा. लेकीचं नाव दुसरीकडे कुठेच नाही.' ते पत्रही माझ्याच पाकिटात पडलं. पुरावा म्हणून जोडलेलं काही परत द्यायचं नाही, असा तिथला नियम होता. एवढं तिला कळवायलाही कुणाला सुचलं नाही.

त्यानंतर फक्त अंधार आणि पाकिटाची दोरी. वर कुणाची पावलं वाजली, की मला वाटायचं, आता आले. पावलं पुढे निघून जायची. अशी सव्वाशेच्या वर वर्षं गेली.

एके दिवशी दोरी सुटली. टेबलापाशी दोघी होत्या: लॉर्ना टटल, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, आणि तिची चौऱ्याऐंशी वर्षांची विल्डाआत्या. लॉर्नाने आधी हजेरीपटाची नक्कल उचलली आणि शेरा मोठ्याने वाचला.

"झालं समाधान?" आत्या म्हणाली. "शाळेत पोरं मला पळपुट्याच्या वंशातली म्हणायची. म्हटलं मरायच्या आधी एकदा खोटं ठरेल. ते तर सरकारी शाईत निघालं. चल, गाडी काढ."

"थांब गं आत्या, अजून एक पान आहे."

"आणखी काय ऐकायचंय तुला?"

लॉर्नाने माझी घडी उलगडली. पहिली ओळ. दुसरी. मी श्वास रोखून होतो. तिचं बोट फाटलेल्या जागेवर थांबलं.

"'फिलेना,'" ती अडखळत वाचू लागली, "'वय तेरा महिने. चौदा सप्टेंबर १८१४. माझ्या हातांत गेली.'"

आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "पुन्हा वाच."

लॉर्नाने पुन्हा वाचलं.

"म्हणजे लेकीपाशी पोचला तो," आत्या म्हणाली. तिने त्या तारखेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ती शाळेतली पोरं सगळी गेली गं. आता कुणाला सांगू मी हे?"

"माझ्या नातवंडांना सांग. त्यांना तर फिलेना नावाची कुणी होती, हेच ठाऊक नाही."

कचेरीतल्या बाईंनी मला घरी नेऊ दिलं नाही, फोटो मात्र काढू दिला. जाताना आत्याने माझ्यावर तळवा ठेवला. कित्येक वर्षांत मला माणसाची ऊब लागली नव्हती.

मित्रांनो, जुने कागद जपा, त्यांना वाळवी लागू देऊ नका. पण नुसतं जपणं म्हणजे आम्हाला पाकिटात कोंडणंच झालं. आम्हाला शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. माझ्या शेजारच्या पाकिटाची गाठ अजून कुणी सोडलेली नाही. आत कुणीतरी सारखं चुळबुळतंय.