हौशीरामबाबाची पिवळी मेंढी

निमोण्याच्या माळावर त्या रविवारी मुंगीला शिरायला वाट नव्हती. अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी तोंडावर आली होती. दौंडहून, शिरूरहून टेम्पो भरभरून माणसं आली होती. रांजणगावच्या कंपनीतली पोरं रात्रपाळी करून, झोप न घेता, तशीच मोटारसायकली काढून आली होती. बघायचं काय, तर एक मेंढी.

काट्यांच्या कुंपणात तीन मेंढ्या बांधल्या होत्या. दोन देवीच्या रोगानं आजारी पडलेल्या, त्यांतल्या एकीला बिलगलेलं इवलंसं कोकरू. अंगभर फोड, नाकाडोळ्यांतून चिकटा, श्वास घुरघुरत होता. तिसरी शेपटीपासून नाकापर्यंत हळदीनं माखलेली, गळ्यात पिवळा दोरा, आणि खुशाल बाभळीच्या शेंगा चघळत होती.

"तीन दिस," हौशीरामबाबांनी तीन बोटं वर केली. "तीन दिस आन् तीन राती एका जागी बांधल्यात. एका घमेल्यात पाणी. ह्या रोगी मेंढीच्या खपल्या मी माझ्या हातानं हिच्या नाकाला चोळल्या. झालं काय? साधी शिंक तरी आली का?"

"न्हाई," गर्दी एका सुरात म्हणाली.

"डॉक्टर येतो थर्मासात बरफ घेऊन. बरफातली सुई टोचतो. अरं, रोग म्हंजी आईचा कोप. आईला बरफ लावून कोण शांत करतं? आई काय कुल्फी हाय?"

माणसं हसली. बाबा बोलायला तरबेज होते. पाच वर्षांपूर्वी हेच गृहस्थ दौंड स्टेशनच्या बाहेर दात पक्के करायचं मंजन विकायचे, आणि त्यांचे स्वतःचे पुढचे दोन दात तेव्हाही जागेवर नव्हते. दौंडच्या दोघातिघांना हे आठवतही होतं. पण मंजनवाल्याचा बाबा झाला की जुनी ओळख काढणं बरं दिसत नाही, म्हणून तेही हात जोडून उभे होते.

गर्दीच्या मागं म्हस्कू उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, उंच, तोंडावर लहानपणच्या देवीचे वण. तो वाड्याचा म्होरक्या. वाडा म्हणजे घर नव्हे. दिवाळीच्या सुमारास मेंढ्या घेऊन कोकणात उतरणारी सहा कुटुंबं, त्यांची घोडी, कुत्री, कोंबड्या आणि आठशे मेंढ्या, हा सगळा मिळून वाडा. सात महिने तळ एक, पाणवठा एक, वाट एक. एकाची मेंढी शिंकली की सगळ्यांच्या जिवाला घोर.

तीन वर्षांपूर्वी वाटेत एक सातवं कुटुंब वाड्यात मिसळलं होतं. त्यांच्या कळपात देवी होती, ती त्यांनी सांगितली नाही. घाट उतरेपर्यंत म्हस्कूची बेचाळीस कोकरं गेली. खड्डे खणून खणून त्याच्या बायकोच्या, गिताबाईच्या, तळहाताची सालं निघाली. तेव्हापासून म्हस्कूच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती, आणि यंदा पोळ्याला त्यानं ती सगळ्यांसमोर सांगितली. मेंढ्यांना देवीची लस टोचून घेतल्याशिवाय त्याच्या वाड्यात कुणी यायचं नाही. पाच कुटुंबांनी महिन्यापूर्वीच टोचून घेतलं. सहावं राहिलं होतं ते त्याच्या पाठच्या भावाचं, हनुमंताचं. आणि निघायला आता सहा दिवस उरले होते.

हनुमंत गर्दीत सर्वांत पुढे होता. त्याच्या एकशेतीस मेंढ्यांच्या गळ्यात कालच पिवळे दोरे पडले होते. दक्षिणा म्हणून विसाला एक या हिशेबानं धट्ट्याकट्ट्या मेंढ्या बाबांच्या टेम्पोत चढल्या होत्या.

संध्याकाळी दोघे भाऊ तळावर समोरासमोर बसले.

"दादा, तुमच्या डोळ्यांनी बघितलं ना आज?" हनुमंत म्हणाला. "आता तरी सुईचा हट्ट सोडा. माझ्या निम्म्या मेंढ्या गाभण हायत. गाभ टाकला तर?"

"माझ्याबी गाभण व्हत्या. धावपळ न करता हळू धरून टोचायच्या, असं डॉक्टर म्हणाले. एकीनं गाभ टाकला न्हाई. दोन दिस जरा मलूल व्हत्या, एवढंच."

"बरं, तुमच्या टोचल्यात. म्हंजी तुमच्या मेंढ्यांना कायच होणार न्हाई. मग माझ्या न टोचलेल्या बरोबर आल्या तर तुमचं काय बिघडतंय? माझ्या मेंढ्या, माझी मर्जी."

म्हस्कूनं जाळीच्या वाघरीकडे बोट केलं. आत कोकरं एकमेकांच्या अंगावर चढून झोपायची तयारी करत होती.

"त्यांना सुई चालत न्हाई. तीन महिन्यांची झाल्याबिगर डॉक्टर हात लावत न्हाईत. लांडगा आला तर आपण काय करतो? कोकरं मधी घेतो आन् भवती आपण उभं राहतो. ह्यो रोगबी तसाच हाय. भवतीच्या समद्यांनी टोचलेलं असलं तर तो मधी शिरत न्हाई. तू एका अंगानं वाट मोकळी ठेवलीस तर मी कुणाला तोंड देऊ?"

"म्हंजी मला टाकून जाणार?"

बाप गेला तेव्हा हनुमंत सात वर्षांचा होता. म्हस्कूनं त्याला खांद्यावर बसवून घाट उतरवला होता. एकोणतीस वर्षांत वाटेवर दोघांचे तळ एकदाही वेगळे पडले नव्हते.

हनुमंत धोतर झटकून उठला आणि निघून गेला. बाबाला म्हस्कू मानत नव्हता, पण डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं? तीन दिवस एका घमेल्यात पाणी पिऊन ती मेंढी ठणठणीत होती. कुणी बदलली म्हणावं, तर पोरं आळीपाळीनं पहाऱ्याला बसली होती.

"मी चुकत तर न्हाई ना?" त्यानं गिताबाईला विचारलं.

"मला काय ठावं," ती म्हणाली. "पण बेचाळीस खड्डे मी इसरले न्हाई."

सोमवारी सकाळी कुंपणातली एक आजारी मेंढी मेली. तिचं आठ दिवसांचं कोकरू तिच्या थंड कासेला ढुशा देत होतं. गिताबाई पाणी आणायला निघाली होती, तिला ते बघवेना. पण त्याला उचलून आपल्या वाघरीत न्यावं, तर रोग घरी आणल्यासारखं. मग तिच्या मनात साधा, व्यवहारी विचार आला. पिवळी मेंढी इथंच आहे, तिच्या कासेत दूध दिसतंय, आणि तिला तर काही होतच नाही. हिलाच पाजायला लावावं. बाबा हनुमंताच्या खोपटात न्याहारी करत होते.

तिनं मेंढीचा पाय धरला आणि कोकराचं तोंड कासेला लावलं. कोकरानं एकदा चोखलं आणि तोंड फिरवलं. हळद कडू लागली असणार. तिनं कळशीतलं पाणी ओंजळीनं घेऊन कास धुतली. एकदा, दोनदा. हळद वाहून गेली आणि गिताबाईचा हात थांबला. कासेवर लोकर नसते, तिथं कातडी उघडी असते. त्या उघड्या कातडीवर चवलीच्या नाण्याएवढे गोल, खोलगट, पांढुरके वण होते. तिनं मांडीची आतली बाजू धुतली, तिथंही तेच. शेपटी उचलून खाली धुतलं, तिथंही. कोकरू आता पचापचा दूध पीत होतं.

"अवो," तिनं हाक मारली, "हिकडं या. तुमच्या तोंडावर हायत तसेच हायत."

म्हस्कू आला, वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. बाजारात मेंढी घेताना दात बघितल्याशिवाय, कास चाचपल्याशिवाय, शेपटी उचलल्याशिवाय सौद्याला हात न लावणारी ही धनगरांची जात. सगळ्या माळावर अशी दोनशे तरी माणसं काल उभी होती. पण मेंढी देवाची म्हटल्यावर तिची शेपटी एकानंही उचलली नव्हती.

त्यानं सांगावा धाडून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून विश्वजीत डॉक्टरांना बोलावलं. दुपारी बाबा उरलेल्या कळपांना दोरे बांधायला उभे राहिले, तेव्हा म्हस्कू गर्दीतून पुढे झाला.

"बाबा, आमचं एक मागणं हाय. ही पिवळी मेंढी देवाची, ती राहू द्या. तुमच्या टेम्पोतली दुसरी कुठलीबी एक काढा, दोरा बांधा आन् त्या आजारी मेंढीपाशी बांधा. पंधरा दिस बघू. ठीक राहिली तर मी सुईचं नाव काढणार न्हाई."

बाबांनी डोळे मिटले. "शक्ती अशी कुठल्याबी मेंढीत उतरत न्हाई. पात्र लागतं."

"मग हनुमंताच्या एकशेतीस दोऱ्यांत ती कशी उतरली?"

गर्दीत चुळबूळ झाली. बाबा म्हणाले, "त्याची श्रद्धा हाय."

"श्रद्धा त्याची. रोग व्हायचा मेंढीला."

मग गिताबाईनं कळशी आणली आणि सगळ्यांसमोर मेंढीची कास धुतली. म्हस्कूनं शेपटी उचलली. पुढच्या म्हाताऱ्यांनी वाकून पाहिलं, आणि त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. एक जण एवढंच म्हणाला, "हिला आधीच येऊन गेलीय की."

विश्वजीत डॉक्टर वण पाहून म्हणाले, "हो. वर्ष-दीड वर्षापूर्वी हिला देवी झाली आणि ही वाचली. जी वाचते तिचं शरीर रोगाशी लढायला शिकतं, मग तिला तो सहसा पुन्हा होत नाही. दोरा नसता तरी ही ठणठणीतच राहिली असती. वण दिसू नयेत म्हणून हळद. आणि सुई दुसरं काय करते? तेच शिकवते. मेंढीला मरणाच्या दारात न नेता शिकवते, एवढाच फरक."

"ह्यात नवं काय हाय," म्हस्कू हळू आवाजात म्हणाला. तो डॉक्टरांशी बोलत नव्हता, आपल्या माणसांशी बोलत होता. "मी नऊ वर्साचा व्हतो तवा मला देवी आल्या. पुढल्या साली आळीत आल्या, तवा घराघरातनं मलाच बोलवायचे, आजाऱ्यांना पाणी पाजायला. ह्याला आता काय व्हत न्हाई म्हणायचे, आन् झालंबी न्हाई. समद्यांना ठावं व्हतं. चाळीस वरसं हे तोंडावर घेऊन हिंडतोय, आन् काल मीबी गप उभा राहिलो. हात जोडायला कुणाची ना न्हाई. पर बघायचं सोडून हात जोडू नका."

गर्दी कुंपणाभोवती वाकलेली असताना टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. बाबा दौंडच्या रस्त्याला लागले होते. कंपनीतल्या पोरांनी मोटारसायकली काढल्या आणि त्यांना कुरकुंभच्या अलीकडे गाठलं. मेंढ्या परत आल्या. बाबा उसातून पळाले.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण आजारी मेंढ्या बाबानंच टेम्पोतून माळावर आणल्या होत्या, आणि त्यांचं कुंपण बाकीच्यांपासून दूर, पण हनुमंताच्या तळाला लागून होतं.

हनुमंतानं त्याच संध्याकाळी सगळ्या मेंढ्या टोचून घेतल्या. मग तो भावापुढे येऊन उभा राहिला. "आता तर झालं ना? शनिवारी निघू."

म्हस्कूनं डॉक्टरांकडे पाहिलं.

"सुईचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात," डॉक्टर म्हणाले. "आणि रोग आधीच अंगात शिरला असेल, तर सुई त्याला अडवू शकेलच असं नाही. महिनाभर वेगळं राहावं."

हनुमंताचं तोंड उतरलं. महिनाभर थांबायचं म्हणजे वाट चुकणार, ठरलेल्या शेतात दुसरेच कळप बसणार. त्यानं म्हस्कूचा हात धरला. "दादा, मी मागनं चालतो. एक मैल मागं. पाणी वेगळं पाजतो."

"पाणवठे एकच हायत, हणम्या."

"म्हंजी टाकून जाणार."

"व्हय," म्हस्कू म्हणाला. "पाच घरांची कोकरं माझ्या जिवावर निघाल्यात. तू माझा भाऊ हायस म्हणून त्यांच्या गळ्यात मी तुझा रोग बांधू का?"

शनिवारी वाडा निघाला. गिताबाईनं त्या पोरक्या कोकराला आणि पिवळ्या मेंढीला हनुमंताकडेच ठेवलं. हनुमंत निरोपाला आला नाही. म्हस्कूनं वळून तीनदा पाहिलं, आणि माळावर उतरलेल्या त्या टेम्पोला आपण म्होरके असून अडवलं नाही, हे त्याच्या मनातून घाट उतरेपर्यंत गेलं नाही.

तीन आठवड्यांनी कोकणातल्या एका बाजाराच्या गावी त्यानं फोनच्या दुकानातून निमोण्याच्या वाण्याकडे फोन लावला. हनुमंताला बोलावून आणेपर्यंत तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"किती?" त्यानं विचारलं.

"चौतीस. त्यात एकवीस कोकरं," हनुमंत म्हणाला. "गळ्यातले दोरे काढले न्हाईत, दादा. तसेच पुरले."

"खड्डे खणून तुझ्या हाताला फोड आले असतील."

"आलेत." मग तो म्हणाला, "तुमच्या कोकरांचं काय?"

"समदी हायत."

"बरं केलंत," हनुमंत म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढच्या दिवाळीला वाड्यात एक नवीन कुटुंब आलं. तरुण जोडपं, साठ मेंढ्या. पोरगा म्हस्कूच्या पाया पडला आणि म्हणाला, "आमच्या समद्या टोचलेल्या हायत, आबा. शिवाय वर गंडाबी बांधलाय, लई जागृत हाय." म्हस्कू काही बोलायच्या आत हनुमंत उठला. त्यानं पोराकडून दवाखान्याचा कागद मागून घेतला आणि शिक्का बघितला. मग कळपात शिरून एकेक मेंढी धरायला लागला. तोंड, कास, मांडी, शेपटीखाली.

पोरगा ओशाळला. "मामा, देवाचं नाव घेऊन निघालोय. एवढं कशाला बघताय?"

हनुमंतानं मान वर केली नाही. त्याच्या हातात विसावी मेंढी होती आणि अजून चाळीस बाकी होत्या.

"देवाचं नाव मीबी घेतलं व्हतं," तो म्हणाला. "नाव घे. पर शेपटी उचलून बघ."